ए, टी, ई

मनोहर श्रावण वैरागडे,

आपणांस असे पूर्ण नावाने संबोधणे आपल्या हयातीत मला जमले नसते. परंतु हजेरी घेताना आपण प्रत्येक मुलाचे नाव त्याच्या वडिलांच्या नावासह, आडनावापर्यंत उच्चारीत असा, आणि कुणी मान वर न करता नुसताच पुटपुटला तर तेच नाव पुन्हा पहिल्यापासून घेत असा. तीच रीत मी आज आपल्याकरिता पाळीत आहे. आपण वारलात त्याला पन्नास वर्षे होत आली. हे पत्र टाकावयास पत्ता नाही आणि ते टाकले जाणारही नाही. तरीही छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून नोकरीभर दुसऱ्यांचे लेखन तपासल्यानंतर एक मजकूर तरी स्वतःचा लिहावा, आणि तो आपल्या नावे असावा, असे वाटले. शिवाय तसे मी एका व्यक्तीला कबूलही केले होते.

मी रामदासपेठेत एका बंगल्याच्या तळमजल्यावरील भाड्याच्या खोलीत बसलो आहे. माझी पत्नी गेल्या महिन्यात गेली. आमचे स्वतःचे घर कळमन्याच्या पुढे, दुसऱ्या मजल्यावर आहे. पक्षाघातानंतर तिला जिना शक्य नव्हता आणि उपचारांसाठी रोज इकडेच यावे लागत होते, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी ही खोली घेतली. आज सकाळी पलंग, चाकांची खुर्ची, टेबल आणि भांडी टेम्पोतून रवाना झाली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना संध्याकाळी पाचपर्यंत किल्ल्या द्यावयाच्या आहेत. त्यांनी मला बसण्यासाठी दिलेली प्लास्टिकची एक खुर्ची, खिडकीचा रुंद कठडा, आणि त्या कठड्यावर आपण मला दिलेली खाकी कापडाची पिशवी, एवढेच आता येथे उरले आहे. लिहावयाचे आहे ते या पिशवीविषयी.

आपली लकडगंजातली शाळा मला आठवते ती आवाजाने. मागच्या भिंतीला लागूनच आरा मशीन होती. सागाचा ओंडका पात्याखाली गेला की वर्गात शेजारच्या मुलाचे बोलणेही ऐकू येत नसे. इतर शिक्षक त्या आवाजावर ओरडत आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा बसे. आपण मात्र वाक्य अर्धे सोडून शांतपणे टेबलाचा खण उघडीत असा आणि ही पिशवी बाहेर काढीत असा. त्याच मशीनवरून मागून आणलेल्या सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे आपण चौकोनी ठोकळे केले होते आणि तापवलेल्या सळईने प्रत्येकावर एकेक इंग्रजी अक्षर जाळून उमटवले होते. आपण तीन ठोकळे मांडीत असा आणि भुवया उंचावीत असा. एन, ओ, डब्ल्यू: नाऊ, म्हणजे आता. एक मुलगा पुढे येऊन पहिला ठोकळा शेवटी सरकवी: ओ, डब्ल्यू, एन, ओन, म्हणजे स्वतःचे. दुसरा येऊन मूळचा क्रम उलटा करी: डब्ल्यू, ओ, एन, वन, म्हणजे जिंकले. अक्षरे तीच, एकही अधिक नाही, एकही शिल्लक नाही. पाते ओंडक्यातून बाहेर पडेपर्यंत वर्गात कुणी तोंड उघडत नसे, आणि तरी त्या तेवढ्या वेळात आम्ही सर्वांत जास्त बोलत असू. आवाज पोहोचत नाही तेव्हा काय करावे, हे आपण आम्हाला शिकवीत होता. मला ते व्याकरण वाटत होते.

मी वर्गाचा मॉनिटर होतो आणि माझे इंग्रजी उत्तम होते, हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. एके दिवशी मशीन नुकतीच थांबली होती. शेवटच्या बाकावरच्या मुलाने एस, ए, डब्ल्यू असे ठोकळे मांडले. आपण अर्थ विचारलात. तो म्हणाला, "आरा." मी हात वर न करताच उभा राहून म्हणालो, "सर, चुकला तो. सॉ म्हणजे पाहिले. सी या क्रियापदाचा भूतकाळ." मुले हसली. आपण चष्मा काढलात आणि टेबलावरचा लाल बांधणीचा शब्दकोश माझ्यापुढे सरकवलात. "वाच," म्हणालात. मी वाचले. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ करवत असा होता. एरवी आपण वर्गात पुस्तकी मराठी बोलत असा. त्या दिवशी मात्र घरची भाषा बोललात. "काहून गा मॉनिटर? त्याचा बाप दिवसभर सॉ चालवते, आन तू त्याले सॉ शिकवून राह्यला? चुकला म्हणाच्या अगुदर त्याले विचारलं काय, का बा तुले काय म्हणाचं हाय?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, "घ्या सर, मॉनिटरले आऱ्यावर घ्या!" सारा वर्ग हसला. तो मुलगाही हसला. आपण हसला नाहीत. माझ्या उत्तराची वाट पाहत उभे राहिलात, आणि मी "नाही सर" म्हटल्यावरच चष्मा पुन्हा लावलात.

शाळा सोडली त्या वर्षी आपण मला घरी बोलावलेत. दोन खोल्या होत्या. काकू माहेरी गेल्या होत्या. आपण स्वयंपाकघरात उकिडवे बसून स्टोव्हवर चहा करीत होता. मी चटईवर बसून तो लाल शब्दकोश कोठे ठेवला आहे ते नजरेने शोधत होतो, कारण आपण तो मला देणार अशी माझी खात्री होती. आपण ही पिशवी दिलीत. माझा चेहरा पडलेला आपल्याला दिसला असावा. मी विचारले, "सर, याचा मला आता काय उपयोग?" आपण बशीत चहा ओतत म्हणालात, "मले काय माहीत गा. पडन कधी तुह्या कामी." मी चहा घेतला, नमस्कार केला आणि निघालो. आभार मानले नाहीत. पिशवी घराच्या माळ्यावर टाकली. पुढे तीनच वर्षांनी आपण गेल्याचे कळले, तेव्हा मी छापखान्यात नवा होतो आणि हातातील मुद्रिते त्याच दिवशी परत करावयाची होती. मी आलो नाही. हे कारण मी तेव्हा सर्वांना सांगत असे, आणि ते खरेही होते. परंतु पुरेसे नव्हते.

माझी पत्नी वर्ध्याकडच्या एका खेड्यातली. ती मॅट्रिकपर्यंत शिकलेली होती, वाचीतही पुष्कळ असे. पण बोलणे मात्र सगळे तिकडचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिची भाषा सुधारावयास घेतली. मले नव्हे, मला. काहून नव्हे, का. मी छापखान्यातून परत आलो की ती विचारी, "जेवले का तुम्ही?" दुपारचा डबा मी पुष्कळदा न उघडताच परत आणीत असे आणि तिला ते ठाऊक होते. मी चप्पल काढता काढता म्हणे, "जेवले का नव्हे, जेवलात का." यावर ती एकदा म्हणाली, "जेवलात म्हणलं का पोट जास्त भरते काय?" आणि डबा हातात घेऊन त्याचे वजन बघत पुढे म्हणाली, "तुम्ही माह्यं मराठी तपासत बसा, इकडे पोळ्या थंड्या होऊन राहिल्या." चव्वेचाळीस वर्षे तिने रोज मला हा एकच प्रश्न विचारला आणि चव्वेचाळीस वर्षे मी त्यातील क्रियापद दुरुस्त केले. प्रश्नाचे उत्तर किती वेळा दिले, ते मला सांगता येणार नाही.

माळ्यावरची पिशवी तिनेच खाली काढली. आमची मुले लहान होती. ती त्यांना स्वयंपाकघराच्या फरशीवर बसवी, एका हाताने कणीक तिंबी आणि दुसऱ्याने ठोकळे सरकवी. सी, ए, टी. टी, ए, पी. ई, ए, टी. त्या एका शब्दावर मुले फार हसत, कारण ईट म्हटले की त्यांना वीट आठवे आणि दोघे ठोकळा दाताखाली धरून वीट खाल्ल्याचे सोंग करीत. दोघेही या ठोकळ्यांवरच इंग्रजी वाचावयास शिकली. आज ती दूर आहेत आणि पुष्कळ इंग्रजी बोलतात. तिने मला एकदा विचारले, "त्या ठोकळ्यावाल्या सरायले सांगितलं काय तुम्ही, का पोरं याच्यावर वाचाले शिकले?" मी म्हणालो, "ते केव्हाच वारले." "मंग अगुदर काहून नाही भेटले?" "अगोदर मुले नव्हती." ती पोळी उलटत म्हणाली, "पोरं नव्हते, पण तुम्ही तर होते ना. एक चिठ्ठी तरी लिहाची होती." मी म्हणालो, लिहीन. मी वर म्हटले की एका व्यक्तीला कबूल केले होते. ती व्यक्ती ही.

पक्षाघाताने तिचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. ऐकलेले सर्व समजत होते, परंतु शब्द ओठांपर्यंत येत नव्हता, आणि पाटीवर काना, वेलांटी जोडताना डावा हात थरथरून थांबत असे. वाचा-उपचार करणारी मुलगी वयाने आमच्या मुलीहून लहान. तिने चित्रांचे पत्ते दाखवले की माझी पत्नी मान फिरवून घेई. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, काकूंच्या ओळखीचं काहीतरी घरून आणा. काहीही चालेल." मी दुसऱ्या दिवशी पिशवी आणली. हिने डावा हात आत घातला, एक ठोकळा काढून नाकाशी नेला आणि बराच वेळ तेथेच धरला. मग एकेक करून तीन मांडले: टी, ए, पी. मी म्हणालो, "टॅप. नळ. नळ सुरू राहिला आहे काय?" मी उठून न्हाणीघरात जाऊन आलो. "बंदच आहे," मी सांगितले. तिने कपाळाला हात लावला आणि ग्लासाकडे बोट दाखवले. तिला पाणी हवे होते.

एवढ्याने मी शहाणा झालो नाही. दुसरेच दिवशी मी टेबलाच्या पलीकडे, तिच्या समोर बसलो होतो. तिने दोन ठोकळे मांडले. मी वाचले, ओ, एन: ऑन. उठून पंखा लावला. तिने ठोकळे पुढे ढकलले. मी पंखा वाढवला. ती टेबलावर हात आपटू लागली तेव्हा तिची सेवा करणाऱ्या बाई धावत आल्या. तोवर उपचारवाली मुलगी दारात उभी राहून हसत होती. "काका, काकूंच्या बाजूने या जरा." मी वळसा घालून गेलो. तिच्या बाजूने तो शब्द नो असा होता. तीच दोन अक्षरे, समोरून वाचली की बरोबर उलटी होत होती. ती थंडीने कुडकुडत होती आणि मी पंखा वाढवीत होतो. माझा चेहरा पाहून तिला हसू आले. आजारानंतरचे ते पहिले. त्या दिवसापासून मी खुर्ची तिच्या शेजारी घेतली. इतकी वर्षे मी समोर बसून तिचे म्हणणे वाचत होतो, असे त्या वेळी मनात आले.

त्यानंतर एक शब्द रोज येऊ लागला. दुपारी तिचे जेवण झाले की ती तीन ठोकळे निवडून मांडी: ए, टी, ई. मी तिच्या शेजारीच बसलेला असे, त्यामुळे वाचण्यात चूक नव्हती. मी समजावून सांगे, "हा एट. ईट या क्रियापदाचा भूतकाळ. तुला चहा हवा आहे, म्हणजे टी अगोदर हवा." आणि ठोकळ्यांचा क्रम लावून टी, ई, ए करून दाखवी. मग चहा करून आणी. ती तोंड फिरवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा ए, टी, ई, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा चहा. उपचारवाली मुलगी एकदा मला म्हणाली, "काका, पेपर तपासू नका हो." मी म्हणालो, मी फक्त योग्य क्रम सांगतो आहे. असे दोन आठवडे तरी चालले. मग एके दुपारी सेवेच्या बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "काकाजी, एक बोलू काय?"

"बोला."

"काकूले चाय नाही पाह्यजे. पंधरा दिवसापासून त्यायची चाय मीच पिऊन राहिली."

"मग त्यांना काय हवे आहे?"

"मले कुठं इंग्रजी येते, काकाजी. पण ते ठोकळे लावले का त्या तुमच्या डब्याकडे पाह्यतात. डबा तर तुमचा तसाच राह्यते, झाकण लावलेला."

बाई रोज माझ्यासाठी आणीत तो डबा खरोखरच खिडकीत झाकण लावलेला होता. मी त्याच्याकडे पाहिले, ठोकळ्यांकडे पाहिले, आणि सर, मला आपला वर्ग ऐकू आला. त्याले विचारलं काय, का बा तुले काय म्हणाचं हाय? मी विचारले नव्हते. म्हणून विचारले. आणि विचारताना आयुष्यात प्रथमच तिचे क्रियापद तिच्याच रूपात उच्चारले: "जेवले का, म्हणून राहिली काय तू?" तिने डोळे मिटले आणि डावा तळहात माझ्या हातावर ठेवला. कितीतरी वेळ तो तेथेच होता. त्या इंग्रजी शब्दाला तू नाही आणि तुम्ही नाही. जेवले नाही आणि जेवलात नाही. दुरुस्त करावे असे त्यात काहीच नव्हते, आणि मी त्यातही दुरुस्ती शोधून काढली होती.

मी म्हणालो, "जेवलो." ते खोटे होते. तिने शेवटचा ई उचलला आणि सर्वांच्या पुढे ठेवला. ई, ए, टी. जेवा. एकच ठोकळा हलवला होता. मी डबा उघडला आणि तिच्या शेजारी बसून जेवलो, आणि ती प्रत्येक घास मोजल्यासारखी पाहत होती. त्यानंतरचे सगळे महिने तिने रोज विचारले आणि मी रोज तिच्यादेखत जेवलो. आमच्या संसारात इतके सरळ बोलणे त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. ते आपल्या ठोकळ्यांवर झाले, सर. मी त्या दोन खोल्यांच्या स्वयंपाकघरात बसून आपल्याला विचारले होते की याचा मला उपयोग काय. उपयोग हा. आपले आभार मानण्यास मला इतकी वर्षे लागली, याची मला लाज वाटते. आभार मात्र मनापासून आहेत. जी मिळाली असती ती लाल बांधणीची प्रत आज माझ्या कपाटात चांगल्या स्थितीत असती, आणि मला माझ्या पत्नीचा एकही शब्द कळला नसता.

गेल्या महिन्यात एके दुपारी तिने नेहमीप्रमाणे ठोकळे मांडले आणि थोड्याच वेळात तिचा श्वास बिघडला. रुग्णवाहिकेची माणसे स्ट्रेचर घेऊन आली तेव्हा तिची नजर टेबलावर होती. मी म्हणालो, "नंतर सांगतो." इस्पितळात चार दिवस ती शुद्धीवर आली नाही. सर्व विधी आटोपून मी या खोलीत परतलो तेव्हा टेबलावर ए, टी, ई तसेच होते. मी ते हलवले नाहीत. आज सकाळी टेबल न्यावयाचे होते, म्हणून तीन ठोकळे त्याच क्रमाने उचलून या कठड्यावर ठेवले.

उपचारवाली मुलगी दुपारी येऊन गेली. तिच्याकडे अशी आणखी माणसे येतात, त्यांच्यासाठी मी पिशवी तिला देण्याचे ठरवले आहे. ती घरी जाताना पुन्हा येऊन घेईल. "सगळे आहेत ना, काका?" तिने विचारले. मी "सगळे आहेत" असे म्हणालो. तिच्यानंतर सेवेच्या बाई डबा घेऊन आल्या. मी नको म्हटले. त्या म्हणाल्या, "मी डबा धुवून घेऊन जाणार हाव, काकाजी. आता तुम्ही पाहा." आणि त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. वांग्याची भाजी आणि दोन पोळ्या होत्या. मी दोन्ही खाल्ल्या.

तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला काही मांडावे लागले नाही. त्या तीन अक्षरांत प्रश्न आणि उत्तर एकच आहे. मी फक्त कठड्याकडे तिच्या बाजूने पाहिले आणि म्हणालो, "जेवलो."

आपल्यापाशी एक कबूल करावयाचे आहे. पिशवी पूर्ण नाही. कठड्यावरचे ते तीन ठोकळे आता माझ्या सदऱ्याच्या खिशात आहेत, आणि त्या मुलीला मी ते सांगितलेले नाही. शब्द कमी पडू नयेत म्हणून मी पिशवीत पाहून घेतले; ए दोन आहेत, ई तीन आहेत, टी आणखी एक आहे. तरी खोटे ते खोटेच.

या शेवटच्या ओळी बाहेर पायरीवर बसून लिहीत आहे. पिशवी तिने पावणेपाचला नेली. खुर्ची वर पोचवली. खिडकी लावली, पंख्याचे बटण पाहिले, नळ बंद आहे याची खात्री केली. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या घरमालकीणबाईंच्या हाती परत केल्या.